पुलाच्या उजव्या कडेला

माझ्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, आणि अख्खी गल्ली त्याला अंदाजपंचे म्हणते. यावरून कोणी घाबरून जाऊ नये. डोळ्यांचा नंबर काढताना दादा अंदाजाने काही करत नाही. पाव नंबरासाठी तो गिऱ्हाइकाला तीन तीन वेळा खुर्चीत बसवतो. हे नाव पडलंय ते त्याच्या रविवारच्या उद्योगामुळे.

रविवारी दुकान बंद असतं, पण सकाळी नऊला शटर कमरेएवढं वर होतं आणि तिघं जण वाकून आत शिरतात. एक दातांचे डॉक्टर, एक शिंपीणबाई आणि एक बसचे ड्रायव्हरकाका. दादा धरून चौघांनाही एकच वेड आहे. जुन्या सिनेमांच्या डिस्क जमवायच्या, आणि पुढे कोणता सिनेमा डिस्कवर येणार याचे तर्क लढवायचे. त्यातही तर्कच जास्त चालतात. अक्षरांच्या तक्त्याखाली स्टुलं ओढून ही मंडळी अशा गंभीर चेहऱ्याने बसतात, की बाहेरच्याला वाटावं आत कोणाचं तरी ऑपरेशन ठरतंय.

जुने सिनेमे धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक कंपनी आहे. ती आधी काही बोलत नाही. वर्षातून एकदा, जानेवारीत यादी जाहीर करते. उरलेले अकरा महिने यांचे. कंपनी प्रत्येक डिस्कच्या डबीच्या कडेवर क्रमांक छापते. चारशे बारानंतर एकदम चारशे चौदा आली, की मधला क्रमांक कोणासाठी राखून ठेवलाय यावर तीन रविवार जातात. म्हाताऱ्या कॅमेरामनची मुलाखत कुठे छापून आली, की डॉक्टर कात्रण घेऊन हजर. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे जुनी आवृत्ती दुकानांतून नाहीशी होणं. जुनी संपली म्हणजे नवी येणार, हा यांचा गुरुमंत्र. एकदा तर अजून न आलेली डिस्क कपाटात दिग्दर्शकाच्या नावाने लावायची की वर्षाप्रमाणे, यावरून शिंपीणबाई आणि ड्रायव्हरकाका दोन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच.

डिसेंबर संपताना प्रत्येक जण पाच नावं चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या रिकाम्या घरात ठेवतो. ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकतील त्याने वर्षभर सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. सहा वर्षं कप दादाच विसळत होता. त्याच्या चिठ्ठीवर पहिलं नाव दर वर्षी तेच असायचं, ते कधी यायचं नाही, आणि उरलेल्या चारांत त्याचं लक्ष नसायचं. त्या पहिल्या नावाला आमच्या घरात पुलाचा सिनेमा म्हणतात.

त्याचं असं झालं. आई एकोणीस वर्षांची असताना कपडे धुण्याच्या एका कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती. एक दिवस समोरच्या पुलावर सिनेमाचं शूटिंग आलं. पुलावर वर्दळ दिसायला हवी म्हणून कारखान्यातल्या सहा मुलींना बोलावून नेलं. आईच्या हातात चादरींची टोपली दिली आणि उजव्या कठड्यापाशी उभं केलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आईने बघितलं. "एकदाच बघितलं," ती सांगायची, "आणि कोणी ओरडलं नाही, म्हणजे चाललं असणार."

ही गोष्ट आम्हां भावंडांना तोंडपाठ होती. दादा चौदा वर्षांचा आणि मी अकरा वर्षांची असताना तो सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर आला. बाबांनी कॅसेट भाड्याने आणली. शेजारच्या काकू, मावशी, मावशीची मुलं, सगळी जमली. आईने केस पुन्हा विंचरून घेतले होते. पूल आला. हीरो आला, हिरॉइन आली, दोघं बोलली, आणि पूल गेला. आई कुठेच नव्हती. बाबांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला अगदी उजव्या कडेला टोपलीचा कान दिसला, नुसता कान.

"टोपलीने काम छान केलंय," मी म्हणाले.

सगळं घर हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. आईही हसली. पण त्यानंतर तिने पुलाची गोष्ट कधी सांगितली नाही. मावशी मात्र तिला शेवटपर्यंत सिनेमावाली म्हणून चिडवायची, आणि आम्हांला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

दादाला त्या टोपलीच्या कानाने पछाडलं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या वाचनात आलं, की थिएटरच्या पडद्यावरचं चित्र चांगलं लांबरुंद असायचं आणि जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. चित्र टीव्हीत मावावं म्हणून कॅसेट काढणारे दोन्ही कडा छाटून टाकायचे आणि मधलं तेवढं ठेवायचे. म्हणजे आई पुलावर होती, आमच्या टीव्हीत नव्हती. पुढे जी डिस्क निघाली तीही त्याच छाटलेल्या कॅसेटवरून. तेव्हापासून दादा अख्ख्या चित्राच्या डिस्कची वाट बघत होता. बाकीच्या हजारभर डिस्क वाट बघता बघता जमल्या.

आईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्याने ठरवलेलं. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच." मी शाळेत गणित शिकवते. रीत दाखवली नाही तर मी मार्क देत नाही.

मग आईचे डोळे बिघडले. ती ऐंशीला टेकली त्या वर्षी डोळ्यांतल्या पडद्यावर मधोमध डाग पडला. हा आजार मोठा विचित्र. जिथे बघावं तिथे धुरकट भोक, आणि कडेचं मात्र दिसतं. आई माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते, तेव्हा कुठे तिला माझं तोंड थोडं दिसतं. आयुष्यभर जगाला चष्मे दिले, पण आईला देण्याजोगी काच दादाच्या दुकानात नव्हती. डाग वाढणार, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वर्षभर बरं जाईल, पुढचं आपल्या हातात नाही. कंपनी आधी की डाग आधी, अशी शर्यत लागली, आणि दादा रविवारी गप्प बसायला लागला.

अशात सप्टेंबरमध्ये पुलाच्या सिनेमाची जुनी डिस्क सगळीकडून गायब झाली. जिथे बघावं तिथे 'उपलब्ध नाही'. शिवाय चारशे तेरा क्रमांक अजून रिकामा. चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आता काय राहिलं?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "मी माझी अक्कलदाढ पैजेवर लावतो."

त्यांची अक्कलदाढ कधीच काढून झालीय, पण आनंदाच्या भरात कोणी ते काढलं नाही. दादा तडक उठून आईकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. कडा कशा छाटल्या, टोपलीचा कानच का दिसला, आणि जानेवारीत ती कशी पूर्ण दिसणार.

आईने त्याच्या कानाकडे बघितलं.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस गं."

"मला वाटायला लागलं होतं, की बोलत होते."

दादाने हे मला फोनवर सांगितलं आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं मी त्या टोपलीच्या विनोदावर खूश होते.

आई मात्र दुसऱ्या दिवसापासून टवटवीत. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, चुकून कोणाचा फोन लागला तर त्यालाही सांगितलं. जानेवारीची यादी आली. चारशे तेरा क्रमांकावर सर्कशीतल्या कुत्र्याचा कार्टूनपट होता. पुलाचा सिनेमा यादीत कुठेच नव्हता.

त्या रविवारी मी शटरखालून वाकून आत गेले ते तावातावाने. "कोणी सांगितलं होतं तुला हात दाखवून अवलक्षण करायला?" मी दादाला म्हटलं. तो कप विसळत होता. "आणि तुमची ती पक्की खूण कुठे गेली? जुनी डिस्क संपली म्हणजे नवी येणार ना? मग जुन्या गेल्या कुठे?"

शिंपीणबाईंनी घसा साफ केला.

"दोन माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "नवी आली की जुनी मिळत नाही. आणि जुनीत त्या कॅमेरामनची मुलाखत आहे, नवीत घालतील न घालतील."

"माझ्याकडे चार," ड्रायव्हरकाका म्हणाले. "माझ्या मार्गावर चार दुकानं लागतात हो. स्टॉप दुकानासमोरच, मी तरी काय करू?"

डॉक्टरांनी पाच घेतल्या होत्या, त्यांतली एक दवाखान्यात ठेवायला. दादाने आठ.

"एकोणीस," मी म्हटलं. "आणि बाजारात होत्या किती?"

डॉक्टर तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचायला लागले. "घाऊकवाला म्हणाला होता," ते हळूच म्हणाले, "शेवटच्या एकोणीस उरल्यात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण यांनी कळसा काखेत ठेवून वर तो हरवल्याचा शुभशकुन मानला होता. एरवी मी हसून लोटपोट झाले असते. दादाच्या हातातला कप तसाच ओला राहिला होता. "आईला काय सांगू मी?" तो म्हणाला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

आईला आम्ही एवढंच सांगितलं की उशीर होतोय. कंपनीला पत्र मी लिहिलं. काही लपवलं नाही. टोपलीचा कान, आईचा डाग, माझा विनोद आणि त्या एकोणीस डिस्क, सगळं लिहिलं. गणितातली रीत दाखवावी तसं पायरी पायरीने.

तीन आठवड्यांनी कंपनीतल्या एका बाईंचं उत्तर आलं. दादाने ते चौघांसमोर मोठ्याने वाचलं. हा सिनेमा पुढची पाच वर्षं आमच्या विचारातही नव्हता, असं त्यांनी लिहिलं होतं. पण आठ वर्षं धूळ खात पडलेल्या एकोणीस प्रती एका पंधरवड्यात खपल्या, तेव्हा विक्री विभागाला वाटलं लोकांची मोठी मागणी आहे, म्हणून मूळ फिल्मवरून अख्ख्या चित्राचं काम गेल्या महिन्यातच सुरू झालंय. ऑक्टोबरमध्ये यादीबाहेरची जादा डिस्क म्हणून निघेल. 'मागणी कोणाची होती हे तुमच्या पत्रावरून कळलं. मी ते विक्री विभागाला सांगणार नाही.'

"बघ," दादा मला म्हणाला, "खूण पक्कीच होती."

मी वाद घातला नाही. दादाशी वाद न घालण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

ऑक्टोबरपर्यंत आईच्या डोळ्यांतलं भोक बरंच मोठं झालं होतं. पार्सल आलं त्या दिवशी दादाने ते उघडलं नाही. आधी तीन दिवस तो आईला टीव्हीसमोर बसवून खुर्ची बोटबोटभर मागेपुढे, डावीउजवीकडे सरकवत होता आणि जमिनीवर खडूने खुणा करत होता. वहिनी म्हणाली, घराचं मैदान झालंय. दादाने ऐकून घेतलं आणि खुर्ची आणखी बोटभर सरकवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे जमलो. दातांचे डॉक्टर, शिंपीणबाई, ड्रायव्हरकाका, वहिनी आणि मी. बाबा नव्हते, मावशी नव्हती. मावशीची मुलगी आली होती. आईने केस विंचरून घेतले. दादाने तिला खुणेवर बसवलं आणि तिच्यामागे उभा राहिला.

"आई, तू स्वतःला शोधू नकोस," तो म्हणाला. "शोधायला गेलीस की तूच भोकात जाशील. तू फक्त हीरोच्या नाकाकडे बघ. तो नाही दिसला तरी बघत राहा."

"त्याला बघून काय करायचंय मला," आई म्हणाली, पण मान सरळ धरली.

पूल आला. काय रुंद होता तो पूल. आम्हांला ठाऊक असलेला पूल त्याच्या मधला तुकडा होता. हीरो आला, हिरॉइन आली, आणि उजव्या कडेला, कठड्यापाशी, चादरींची टोपली घेऊन एक काटकुळी मुलगी उभी होती. अॅप्रन घातलेली, हनुवटी माझ्यासारखी. हीरो काहीतरी बोलत होता. मुलीने हळूच मान वळवली आणि सरळ आमच्याकडे बघितलं.

ड्रायव्हरकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डावी बाही सुटलीय बघ," आई म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना, बाही नीट करू द्या."

बाही खरंच सुटलेली होती. तिने ती बघून सांगितली की आठवून, हे मी विचारलं नाही. दादाने खाली वाकून विचारलं, "दिसतंय?" आणि ती हीरोच्या नाकावरची नजर न हलवता म्हणाली, "गप्प बस, दिसतेय मी."

दादाने चित्र तिथेच थांबवलं. मग आईने मान वळवली आणि माझ्या कानाकडे बघितलं.

"तुला दिसले का?"

"दिसलीस आई."

"पूर्ण?"

"पूर्ण. टोपलीसकट."

"मग आता हस," ती म्हणाली.

मला हसायला जरा वेळ लागला.