उजवं हृदय आणि लोहाराचा भाता

जिथं काम फत्ते होतं, तिथं किस्से फारसे साठत नाहीत. सोलापूरच्या आमच्या दवाखान्यात दोन वर्षं काहीच फत्ते झालं नाही, म्हणून माझ्याकडं ढीग आहे. मी तिथं कंपाउंडर होतो.

गिरणीतले कामगार यायचे. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी झालेली. तिकडं रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकायची. मग पाय सुजायचे, पोटात पाणी भरायचं आणि माणूस जायचा. औषध लागू पडेना. आमचे दातार डॉक्टर म्हणाले, "हाच आजार कुत्र्यात तयार करू. मग त्याच्यावर औषधं तपासू." करायचं काय, तर छाती उघडून फुप्फुसाकडं जाणारी रक्तवाहिनी रेशमी दोऱ्यानं थोडी आवळायची. एवढंच!

*

छाती उघडली की फुप्फुस मिटतं. म्हणून लोहाराचा भाता आणला. नळीतून हवा भरायचं काम वॉर्डातला हरकाम्या बाशाभाई याच्याकडं. पहिल्या कुत्र्याला त्यानं अर्धा तास भाता मारला, घामानं निथळला. शेवटी म्हणाला, "सायब, हवा जा री, पन जान नै आ री!"

कुत्रं केव्हाच गेलं होतं.

*

दोरा जरा घट्ट झाला की कुत्रं टेबलावरच संपायचं. अशी सात गेली. आठव्याला डॉक्टरांनी भीतभीत सैल बांधला. ते जगलं, महिन्याभरात धष्टपुष्ट झालं आणि कुंपणावरून उडी मारून पसार!

डॉक्टर म्हणाले, "चला, माझ्या हातचं एक तरी चालत घरी गेलं."

*

तपासणीला गोरा साहेब आला. "कुत्री किती बरी केलीत?"

डॉक्टर म्हणाले, "एकही नाही, सर. अजून एकही नीट आजारीच पडलेलं नाही!"

साहेब हसला नाही. पुढच्या महिन्यापासून गुंगीचं ईथर निम्मंच यायला लागलं.

*

अखेर एक तांबडी कुत्री साधली. तिचं पोट हळूहळू पाण्यानं भरलं. डॉक्टरांनी पेढे आणवले! बाशाभाईनं पेढा हातात धरला, कुत्रीकडं बघितलं. ती शेपटी हलवत होती.

"सायब, मेरे से नै खाया जाता."

मग कुणीच खाल्ला नाही. होती नव्हती ती सगळी औषधं तिला देऊन झाली. पोट तसंच.

*

तेव्हा वॉर्डात वळसंगचा सिद्राम होता. उभी हयात गिरणीत गेलेली. पोट नगाऱ्यासारखं, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. तो गेला त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. त्या सकाळी त्यानं हट्टच धरला, "ती कुत्री दावा की मला." आम्ही त्याला खुर्चीत बसवून मागच्या अंगणात नेलं.

त्यानं कुत्रीचं फुगलेलं पोट बघितलं. "हिला काय झालंय?"

"तुझाच आजार आहे, सिद्राम," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दिलाय हिला."

"माजा? हिला दिला?"

"हो."

सिद्रामनं आपल्या पोटावर हात ठेवला.

"मंग सायेब, माज्याकडं अजून कसा हाय?"