मावशींचा उलटा हात

मालिशवाल्या मावशींनी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि आईच्या पायावरचा हात काढून घेतला, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. पण मला आला राग. माझा स्वभावच मेला तसा, घाबरायच्या जागी मी चिडते.

मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं. मोळ्या वाहून आखडलेल्या बायकांच्या पाठी चोळता चोळता त्यांचा हात बसला. गुडघे थकल्यावर त्या राहुरीला लेकीकडे येऊन राहिल्या आणि आमच्या गल्लीत घरोघरी मालिश करू लागल्या. त्यांची एक रीत होती. तेलात बोट बुडवण्याआधी दोन्ही अंगांवर हाताची उलटी बाजू ठेवायच्या, आधी डाव्या, मग उजव्या, डोळे मिटून. मला ते सगळं नाटक वाटायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते ना!

हातगुण मात्र खरा होता. गेल्या वर्षी आईचा खांदा असा धरला, की वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांना विचारून आम्ही मावशींना बोलावलं. महिनाभर त्या कोमट तिळाचं तेल लावत होत्या. जोर नाही, घाई नाही, आईने जरा 'स्स' केलं की थांबायच्या. एका सकाळी आईने आपली वेणी आपण घातली आणि आरशासमोरून हलेचना. मला रडू आलं होतं तेव्हा.

यंदा आई ओट्याजवळ घसरली आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर, दीड महिना पलंग. प्लास्टर निघालं तेव्हा माझ्या मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. "कुणी धरून नेलेलं मला चालायचं नाही," आईने बजावलं. "माझी मी चालत येणार." म्हणून मावशींना निरोप धाडला.

मावशींनी उलटा हात ठेवला. परत ठेवला. डोळे उघडून पायाकडे नुसत्या बघत राहिल्या.

"ह्यो पाय गरम हाय, बाई. आन् फुगलाय बी."

"प्लास्टर होतं ना मावशी, सूज येणारच."

"घोटा सुजंल. पोटरी कशापायी सुजंल? मी न्हाई हात लावायची. आदी डाक्टरला दाखवा."

"मग खांदा कसा चोळलात?"

"त्यो आखडला हुता. ह्याचं येगळं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फडात एका बाळंतिणीचा आसाच पाय आमी चोळला हुता. दुसऱ्या दिशी उठलीच न्हाई ती."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घरात शुभकार्य, आणि ही बाई असलं अभद्र बोलते! "जमत नसेल तर सरळ सांगा. भीती कशाला घालता?" मावशी चपला घालताना दारात थांबल्या. "आजच दाखवा. उद्यावर नका टाकू."

त्याच दुपारी मी मोबाईलवर मालिशचा व्हिडिओ लावला आणि आईचा पाय मांडीवर घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोटरी टणक होती, तापलेली होती. माझ्या तळव्याला ते लागत होतं. तरी मी जोर लावला, खालून वर, खालून वर.

"दुखतंय गं."

"दुखणारच. रक्त मोकळं होतंय."

हे मी बोलले. अजूनही ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि मला माझी चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून येताना आई भिंतीला टेकली. धाप लागली होती, ओठ निळे पडत चालले होते. गाडी करून नगरला नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, "मालिश केलं होतं का?" माणूस फार दिवस पडून असला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते, ते सांगत होते. एकच पोटरी सुजली, तापली, दुखायला लागली, की तेल नाही, चोळणं नाही, थेट दवाखाना. चोळताना गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

मी तोंड उघडणार, तोच आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मालिशवाली बाई येते आमच्याकडे. तिनं चोळला." आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की बाबांसमोर ती अशीच बघायची, गप्प बस म्हणून.

मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आई गेली.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो! मावशींना बोलावणं बंद झालं. "अडाणी बाईच्या हातात पाय दिला, दुसरं काय होणार," भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि मी मान खाली घालायचे. आईचा शेवटचा शब्द कसा खोटा पाडू, असं मनाला सांगायचे. बहाणा होता तो. मला भीती वाटत होती, या वेळी खरीखुरी.

दहावं झाल्यावर मावशी आल्या. घर बायकांनी भरलेलं होतं. त्या उंबऱ्याजवळच बसल्या.

"आता कशाला आलात?" माझी नणंद फटकन म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "चोळताना पाय गरम लागला हुता का, बाई?"

माझी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हो," मी म्हणाले. "लागला होता. तरी मी चोळला."