फिटची गोळी, नागिणीसाठी

बोम्मसंद्राच्या एका औषध कारखान्यात महांतेश एकोणीस वर्षं आहे. मूळचा निपाणीकडचा. पहिली अकरा वर्षं त्याने खोक्यांत माहितीपत्रकं घातली, मग त्याला पॅकिंगचं मशीन मिळालं. त्यातून फिटच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघतात.

जानेवारीत त्याच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. तिचं तोंड आणि शेपूट जुळू नये म्हणून बायकोने, यल्लव्वाने, भोवती काव लावली. जुळलं नाही. मात्र डॉक्टरकडे जायला पाच दिवस गेले, आणि विषाणूवरचं औषध पहिल्या तीन दिवसांत जास्त गुण देतं. फोड वाळले, कळ राहिली. त्या जागी चिमटा काढला तर कळत नसे. सदरा लागला तर सोसत नसे.

डॉक्टरीणबाईंनी झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. दुकानातून आणलेली पट्टी बहुधा त्यानेच पॅक केलेली होती. औषध फिटचं, पण दुखावलेल्या नसा उगाच ओरडत असतील तर त्यांनाही ते गप्प करतं, असं बाई म्हणाल्या. दोन आठवड्यांत तो कुशीवर झोपू लागला.

मग सहामाही तपासणीचा फॉर्म आला. औषध कारखान्यात रकाना मोकळा सोडत नाहीत. ‘चालू औषधे’पुढे महांतेशने गोळीचं नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माहितीपत्रकांच्या टेबलावर. फिटवाल्याने मशीनपाशी उभं राहायचं नाही, असा नियम आहे. शेजारचा कल्लाप्पा म्हणाला, आपल्या मालाला घरचंच गिऱ्हाईक मिळालं की.

सुरक्षा अधिकारी निहार पुण्याचा. महांतेश त्याच्याकडे डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन गेला.

“मला फिट येत न्हाईत, सर. नागीण झालती.”

निहारने चिठ्ठी दोनदा वाचली. “पटतंय, अण्णा. पण सिस्टीमला गोळी कुठली तेवढंच कळतं. कशासाठी घेता, त्याला कॉलमच नाही.”

गोळी बंद करून नवा फॉर्म भरता येईल, असं त्याने सुचवलं. बाईंनी अजून तीन महिने घ्यायला सांगितलं होतं. मशीन तीन महिने कुणासाठी थांबणार नव्हतं.

महांतेशने गोळी सोडली. नव्या फॉर्मवर त्या रकान्यात आडवी रेघ मारली, ‘लागू नाही’ लिहिलं, सही केली. खोटं काही लिहिलं नाही.

आता तो मशीनवर आहे, सदऱ्याच्या आत यल्लव्वाच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून. समोरून गोळ्या जातात. फुटकी दिसली की उचलून बाजूला टाकतो. त्या नंतर नष्ट करतात, आणि तशी नोंदही ठेवतात.