पेंढ्याचं पारडू

गोठ्यावरच्या माळ्यावर वर्षभराचा पेंढा रचून ठेवलेला असतो. त्यातला थोडा आंब्यांच्या अढीत जातो, थोडा अंड्यांच्या टोपलीत आणि उरलेला जनावरांच्या पोटात. आज वहिनीने त्यातली एक पेंढी मेलेल्या पारडाच्या कातड्यात भरली, शिवून टाकली आणि ते म्हशीपुढे उभं केलं. पारडू समोर नसलं की ही म्हैस पान्हाच सोडत नाही.

माझी मुलगी गेल्यापासून मी माहेरी आहे. तिचा फ्रॉक उशाशी घेऊन झोपते. मला तिथे उभं राहवत नव्हतं. वहिनी मात्र म्हशीला दटावत होती, "चाट गं बाई, नखरे पुरे. तुझंच आहे ते."

म्हैस चाटू लागली. पाठ, मान, कान. बघता बघता बादलीत धारा वाजू लागल्या. माया इतकी आंधळी असते का? की तिला सगळं कळतं, आणि तरीही चाटायला काहीतरी हवंच असतं?

तेवढ्यात चाटून चाटून मानेजवळची शिवण उसवली. आतला पेंढा बाहेर आला. म्हशीने तो हुंगला, ओढला आणि ती शांतपणे चघळायला लागली. पान्हा आटला नाही.

"वहिनी, अहो बघा ना, काय करतेय ती!"

"खाऊ द्या, वन्सं," धार न थांबवता वहिनी म्हणाली. "भूक कधी सुतक पाळते का?"

इतके दिवस मी जेवणाचं ताट तसंच सरकवून देत होते. आज दुपारी मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.