माल घरात पोचेपर्यंत : विठ्ठलबाब मांद्रेकर

गोव्यातल्या खाणी बंद झाल्या त्या वर्षी मी डिचोलीत विठ्ठलबाब मांद्रेकरांच्या गोदामात चालकाचे काम मागायला गेलो. मी मूळचा दोडामार्गचा. तोवर खनिजाचा ट्रक चालवलेला. सकाळची वेळ होती. छपराजवळच्या झरोक्यांतून ऊन तिरपे उतरत होते. साबण, चहा आणि हिंग यांचा मिळून एक अनोळखी वास भरून राहिला होता. खोक्यांच्या उंच रांगांमध्ये विठ्ठलबाब एका खोक्यावर हात ठेवून एकटेच उभे होते. मी आल्याचे त्यांना बराच वेळ कळले नाही. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "ह्यो साबण फुडल्या आयतवारी मोरजेत कोणाच्या तरी न्हाणीत आसतलो." आणि थोड्या वेळाने, "गाडी चालवतंस ता ठावक आसा. माल सांभाळूक येता?"

मी होय म्हणालो. खरे तर येत नव्हते. खनिज सांभाळावे लागत नाही, ओतायचे असते.

कारखान्यांचे मोठे ट्रक घाट उतरून आमच्याकडे येतात. तो माल उतरवायचा, आधी आलेला आधी निघेल असा लावायचा आणि छोट्या गाड्यांतून डिचोली-पेडण्याच्या दुकानांत पोचवायचा, एवढेच काम मला दिसत होते. विठ्ठलबाबांच्या लेखी मात्र ते दुकानात संपत नसे. जेवणानंतर ते डोळे मिटून खुर्चीत बसत. झोपले असे आम्हाला वाटावे, तोच म्हणत, "पार्शाक चाय संपत इली आसतली." बहुधा तासाभरात पार्से गावच्या दुकानातून फोन येई.

मला रुजू होऊन दोन महिने झाले होते. गणेशचवथीच्या आधीची गडबड होती. एका दुपारी विठ्ठलबाबांनी बाळांच्या दूधपावडरीचा खोका उघडला आणि एकेक डबा हातात घेऊन दाबून पाहिला. दोन डब्यांच्या बुडाची शिवण सुटली होती. आत ओल जाऊन पावडरीचे खडे झाले होते. खोका अगदी तळाचा होता, त्याच्यावर तेलाचे जड खोके होते. ती रचणी माझी होती. शेजारचा तळाचा खोका आदल्या दिवशी मीच पार्शाला पोचवला होता. तो कुठे गेला एवढेच मी सांगितले, रचणीचे नाही.

पार्शाच्या दुकानाचा फोन कोणी उचलेना. कोणी तरी म्हणाले, "सोमवारी गाडी जातलीच आसा, तेवा परत हाडूया."

विठ्ठलबाब चपला घालत होते. म्हणाले, "सोमवारापर्यंत बाळ दूध पिवचा थांबतला?"

मी गाडी काढली. पार्शाच्या दुकानात फळीवर अकरा डबे होते. दुकानाच्या मालकीण रुक्मिणीबाय म्हणाल्या, "एक सकाळीच गेलो. मोरजेची ती जुळ्यांची आवय घेवन गेली. नाव ठावक नाय."

मोरजीची ती वाट मला पाठ होती, पण त्या दिवशी ती संपेना. काजूंच्या उतारावर पिवळे ऊन पडले होते, माडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. विठ्ठलबाब शेजारी बसले होते. आपण गाडीत आहोत की कुणाच्या झोपेतून चाललो आहोत, हेच मला कळेना.

किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी घर दाखवले. ओसरीवर डबा उघडा होता. दोन मुलींपैकी एकीने त्यातले दूध घेतले होते आणि ती दोनदा ओकली होती. आई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती.

विठ्ठलबाबांनी हात जोडले. "बाय, चूक माज्या गोदामाची. आदी दोतोराकडे जावया."

डॉक्टरांनी तपासून मुलीला दवाखान्यातच ठेवून घेतले. संध्याकाळी ती आईच्या मांडीवर शांत झोपली आणि काळजीचे कारण उरले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा कुठे विठ्ठलबाब बाकावर टेकले. आई म्हणाली, "डबो तुमी थोडोच फोडलो?" ते म्हणाले, "माज्या दारातसून गेलो."

परतताना मी सांगून टाकले, "तेलाचे खोके वर मी ठेवले होते."

"ठावक आसा," ते म्हणाले. "तुका कोणी शिकवलाच नाय. ता माज्याकडसून रवला."

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते माझ्याबरोबर रचणी करत उभे राहिले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कुठला खोका किती भार सोसेल, हे तळवा टेकून कसे ओळखायचे ते मी त्यांच्याकडून शिकलो. माझी चूक त्यांनी कधी कुणापुढे काढली नाही. आज मीच ती इथे लिहितो आहे. त्या मुली आता मोठ्या झाल्या. त्या दिवशी कोणती आजारी होती, याचा त्यांच्या आईचाही गोंधळ उडतो. विठ्ठलबाब मात्र बरोबर सांगतात.

आता गोदाम मी पाहतो. काही माल दुकान टाळून थेट लोकांच्या घरी जातो, खोक्यावरच्या खुणा यंत्र वाचते. विठ्ठलबाब येतात, एखाद्या पुडक्यावरचे नाव वाचतात आणि विचारतात, "ह्यांच्याकडे दिवसाचा घराक कोण आसता?" मला ठाऊक नसते. मग मी फोन करून विचारतो.

यंदा त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, दृष्टी अशीच निर्मळ राहो आणि गुडघ्यांचे दुखणे उतरो, ही आम्हा सर्वांची देवाकडे मागणी आहे. ते अजूनही वरच्या फळीवरचा माल पाहायला शिडी चढतात, म्हणून ती शिडी आम्ही लपवून ठेवली आहे. या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी कुणाला त्यांनी तिचा पत्ता विचारला, तर कृपा करून सांगू नये.