कोपऱ्यातली कोरी जागा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी अमडापूरच्या पेंटरचाचांचं नाव घेतो. आणि स्वतःच्या कामावर सही करायला इतका चिक्कू माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, हेही लगेच सांगून टाकतो. इतर पेंटर पाटीवरची अक्षरं वाळायच्या आत कोपऱ्यात आपलं नाव ठोकून देत. चाचा तिथे वीतभर जागा कोरी सोडत आणि म्हणत, "वर्षानं येईन. दुकान पाटीसारखं निघालं तं सही करीन." आणि खरंच येत. उंद्रीच्या एका हॉटेलवाल्यानं पाटीवर 'शुद्ध दुधाचा चहा' लिहून घेतला होता. वर्षानं चाचांनी बाकावर बसून एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि उठले. हॉटेलवाला मागे धावला, "काऊन चाल्ले चाचा? सही तं करा!"

"चहात दूध येऊ दे बाबू, मंग येतो."

पुढल्या वर्षी सही झाली. मग तो गिऱ्हाइकाला आधी सही दाखवायचा, चहा नंतर.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी नव्हती, अक्षर बरं होतं, म्हणून चाचांकडे गेलो. त्यांनी मला दोन महिने नुसता 'क' काढायला लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "बी.ए. झालेला पोरगा आहे. अजून क काढून राह्यला."

बीटी कपाशीचं बियाणं नवं नवं आल्याचे ते दिवस. रस्त्याकडेच्या भिंती जाहिरातींनी भरत होत्या. चाचांनाही खामगाव रस्त्यावरची एक लांबलचक भिंत मिळाली. ते आधी शेजारच्या वावरात गेले, एक बोंड तोडून आणलं, दोऱ्यानं मापलं आणि भिंतीवर बरोब्बर तेवढंच काढलं. एवढ्या थोरल्या भिंतीवर लिंबाएवढं बोंड! कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून उतरला आणि भिंतभर शोधत राहिला.

"चाचा, बोंड कुठाय?"

"हे काय, तुह्या नाकासमोर."

"अहो, नारळाएवढं काढा!"

"झाडाले नारळाएवढं लागलं का बोलाव मले. तवा काढतो."

काम गेलं. दुसऱ्या पेंटरनं तिथे नारळाएवढी बोंडं काढली. त्या साली पावसानं दगा दिला आणि शिवारात फक्त भिंतीवरचीच कपाशी फुटलेली राहिली. त्या भिंतीजवळ आलं की चाचा सायकलवरून उतरून पायी चालत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मयतीच्या घरासमोरून घंटी वाजवत जातं का बे कोणी?"

पुढे मी पुण्यात डिझाइनचं छोटं दुकान टाकलं. चाचा एसटीनं ब्रश घेऊन आले, दिवसभर स्टुलावर उभं राहून पाटी रंगवली. कोपरा अर्थातच कोरा. "वर्षानं येतो," म्हणाले. त्याला आता नऊ वर्षं झाली. आजकाल स्वतःचा ब्रँड कसा उभारावा, यावर बोलायला मलाही बोलावतात. 'अस्सल राहा' असं मी सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. परत आलो की दुकानात शिरताना मी पाटीकडे पाहत नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी चाचांना पत्र टाकलं.

"चाचा, सलाम.

तुम्ही वर्षानं येतो म्हणाला होता. मीच बोलावलं नाही. पहिल्याच वर्षी एका कंपनीच्या बियाण्याच्या पाकिटावर मी नारळाएवढं बोंड काढलं. त्यांनी सांगितलं आणि मी काढलं. ते पाकीट आपल्याकडेही विकायला आलं असेल. तुम्ही पाहिलं असेल, तर हात कोणाचा ते ओळखलंच असेल.

मागच्या महिन्यात तसंच काम पुन्हा आलं. या वेळी गावाहून बोंड मागवलं, दोऱ्यानं मापलं, तेवढंच काढलं. काम गेलं.

तुमचा हात आता कापतो, असं कळलं. सही वाकडी आली तरी चालेल. पण आत्ताच या, असं म्हणत नाही. मागची वर्षं धरू नका. वर्ष मागच्या महिन्यापासून मोजा. तोवर कोपरा रोज पुसून ठेवतो."