खाली नाव कुणाचं

खोट्या नावाने हिंडणाऱ्या वाक्यांचा मला फार राग आहे. विश्रामबागेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खोड गेली नाही. सकाळी सकाळी कुणी उगवता सूर्य आणि त्याखाली एखाद्या थोर माणसाचं वचन पाठवलं की मी लगेच विचारते, "कुठल्या पुस्तकात? कुठल्या भाषणात?" मग चष्मा लावून कपाट उघडते, पानं चाळते. बहुतेक वेळा काही सापडत नाही, आणि सापडलं नाही हे सगळ्यांना कळवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. घरच्या ग्रुपवर माझं नाव 'पुरावाबाई' आहे. ते पाडलं माझ्या धाकट्या भावाने. तो फौजेतून सुभेदार होऊन आला, आता पाटणजवळच्या आमच्या गावी ऊस बघतो, आईला सांभाळतो आणि मला रोज एक सूर्य पाठवतो.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या सूर्याखाली वाक्य होतं: 'ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याचं नाव विचारून घ्यावं.' खाली एका थोर पुरुषाचं नाव. 'कुठल्या भाषणात?' असं लिहायला घेतलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. वाक्य आमच्या आईचं होतं. लहानपणी आम्ही कुणाकडे जेवून आलो की ती उंबऱ्यातच अडवायची, "नाव काय त्या बाईचं?" सांगता आलं नाही तर विचारून ये म्हणून परत पिटाळायची. जाताना पाठीत हे वाक्य यायचंच.

ते त्या थोर पुरुषाच्या नावावर कसं गेलं, हे शोधायला मला कपाट उघडावं लागलं नाही. तो उद्योग माझाच होता.

आमच्या गावच्या शाळेत रोज एकाने फळ्यावर सुविचार लिहायचा. वर तारीख, मध्ये सुविचार, खाली नाव. नाव नसलेला सुविचार गुरुजी पुसून टाकायचे. "बिननावाचा सुविचार म्हणजे बिनपत्त्याचं कार्ड," म्हणायचे. सातवीत माझी पाळी आली आणि मी सुविचार शोधायचाच विसरले. तोंडाला आलं ते लिहिलं. गुरुजींनी विचारलं, "छान. कुणाचा?" शाळेमागच्या रानात आई त्या वेळी तण भांगलत होती, तिचा आवाज खिडकीतून आत येत होता. थोरांच्या जागी तिचं नाव लिहायची मला लाज वाटली. समोर एक तसबीर होती, तिच्याखालचं नाव मी फळ्यावर उतरवून टाकलं. ते कोण हे इथेही सांगत नाही. त्यांच्या माथी एकदा मारलं तेवढं पुरे.

गुरुजी खूश झाले. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या वर्षी शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहवून घेतलं. पोरं ते वाचत मोठी झाली, कुणी पलटणीत गेलं, कुणी पुण्याला. वाक्यही त्यांच्याबरोबर गेलं, आणि इतक्या वर्षांनी सूर्य घेऊन माझ्याकडे परत आलं. जन्मभर दुसऱ्यांची चोरी पकडणारी मी, आणि चोर मीच. हसू आलं, मग फार वाईट वाटलं. दिवाळीत आई इतकी आजारी झाली होती की आम्ही सगळे गोळा झालो होतो. त्यातून ती उठली, पण नव्वदीचं शरीर. ती आहे तोवर तिचं वाक्य तिला परत करायचं, एवढंच मनाने घेतलं.

भावाला फोन करून सगळी कबुली दिली. तो म्हणाला, "बरं केलंस आक्का. शाळेची भिंत नव्यानं रंगवत्यात. पेंटर कालपास्नं आलाय."

"मग खाली आईचं नाव घालायला सांग."

"आणि पुरावा?" तो म्हणाला. फोनवरसुद्धा त्याचं हसू दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी पोचले. मुख्याध्यापक बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या समंजस निघाल्या. भावाने आईला गाडीतून आणलं आणि भिंतीसमोर खुर्चीत बसवलं. पेंटरने वाक्य नव्याने काढलं होतं, खालची जागा मोकळी होती. आईला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून ते वाचलं. लाज वाटली म्हणून तुझं नाव लिहिलं नव्हतं, हेही सांगितलं.

ती जराही रागावली नाही. म्हणाली, "बरं केलंस. ह्ये माजं न्हाईच."

आईचं माहेर पूर्वेच्या कोरड्या माळावरचं. तिने तिथली गोष्ट सांगितली, ती मी कधी ऐकलीच नव्हती.

"तू पाच म्हैन्यांची व्हतीस. माहेरनं निगाले, तुजा बा पलटणीत, न्यायला कोण येणार? गाडी चुकली, तशीच चालत सुटले. ऊन लय. दूध आटल्यालं. तू रडून रडून गप झालीस, मान टाकलीस. माळावर मेंढरं बसली व्हती. तितल्या बाईनं मला बसवलं, भाकरी दिली. शेळीचं दूध काढून बोटानं तुला चाटवलं. तवा तू डोळं उगाडलंस. मी उटले आन् निगाले. निम्मा माळ गेल्यावर ध्यानात आलं, नाव इचारलंच न्हाई. मागारी फिरले, तर मेंढरं उटून गेल्याली. ह्ये बोल तिच्या भाकरीचं."

दरवर्षी आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. तेव्हा आई भाकऱ्यांची टोपली घेऊन मेंढरांच्या तळावर जायची आणि एकेका बाईचं तोंड निरखत बसायची. खत जादा मिळावं म्हणून गोड बोलते, असं आम्ही समजायचो. त्या दिवसापासून ती एकच बाई शोधत होती.

पेंटर ब्रश घेऊन खोळंबला होता. त्याने विचारलं, "बाई, खाली नाव कुणाचं?"

मी आईकडे बघितलं. ती पेंटरला म्हणाली, "लिव की. नाव इचारायचं राहिलं."

त्याने तेच लिहिलं. भावाने या वेळी पुरावा मागितला नाही. पुरावा त्याच्या शेजारीच उभा होता, सत्तरीला आलेला, आणि आईचा हात धरून रडत होता.